रिकाम्या आभाळातले चार सेकंद

पारसनीस माझ्या मागे होते आणि त्यांना बघायला वळून वळून माझी मान मोडायची पाळी आली होती.

खाली अरबी समुद्र, वर ऑक्टोबरचं लख्ख ऊन, आणि गोव्याच्या किनाऱ्यापासून साठेक मैल आत आमची दोन विमानं एकमेकांभोवती गिरक्या घेत होती. सी हॅरियर. आमच्या नौदलाचं लहानसं, एका माणसाचं लढाऊ विमान. वेगाच्या बाबतीत ते बेताचंच, खोटं कशाला सांगू. पण त्याच्या अंगी एक करामत होती. इंजिनाचा झोत बाहेर टाकणारी त्याची चार तोंडं वैमानिकाला हवी तशी वळवता येत. जहाजावर उतरताना ती खाली वळवायची, म्हणजे विमान जागच्या जागी तरंगत अलगद उतरे. आणि झुंजीत ती झटक्यात पुढच्या बाजूला वळवली, तर कुणीतरी मागून कॉलर धरल्यासारखं विमान हवेत थबके. पाठलाग करणारा मग स्वतःच्याच वेगानं पुढे निघून जाई आणि आयता आपल्या तोफेसमोर येई.

ही करामत मला येत होती. पण ती पारसनीसांनीच मला शिकवली होती, हा त्यातला घोळ.

लेफ्टनंट कमांडर अजित पारसनीस आमच्या स्क्वाड्रनचे मुख्य वैमानिक. मूळचे सदाशिव पेठेतले, बोलणं मोजकं आणि तिरकं. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर उडालो तेव्हा खाली उतरल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, की केळुसकर, तुमच्या वेंगुर्ल्याला बैलगाड्या अशाच वळवतात का. पाच वर्षांत एकाशी एक झुंजीत त्यांना कुणी हरवलेलं नव्हतं. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्यासारखं व्हायचंही होतं.

त्या दिवशीच्या झुंजीवर माझं जहाज अवलंबून होतं. विमानवाहू जहाजावर जाणाऱ्या वैमानिकांची यादी संध्याकाळी मुंबईला जायची होती आणि तीत एकच जागा उरलेली होती. दोनदा माझं नाव शेवटच्या क्षणी गळालं होतं. तिसऱ्यांदा गळलं असतं तर माझी रवानगी किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या संथ विमानांवर झाली असती, आणि तिकडे गेलेला परत आल्याचं मी पाहिलं नव्हतं. मी सव्वीस वर्षांचा होतो. जहाज मिळालं नाही तर आयुष्य संपलं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

झुंजीचा एक नियम मात्र आधी सांगायला हवा. समोरचं विमान नजरेआड झालं, की त्याच क्षणी रेडिओवर 'ब्लाइंड' म्हणायचं. तो शब्द कानावर पडला की दोघांनी खेळ थांबवायचा आणि एकमेकांपासून दूर व्हायचं. नियम साधा आणि शहाणपणाचा होता. अडचण एवढीच, की ब्लाइंड म्हणणारा हरला, असं सगळे धरून चालायचे. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, पण संध्याकाळी मेसमध्ये त्यावरून टिंगल व्हायची.

पारसनीस आणखी जवळ आले. वळणाच्या जोरानं माझं वजन पाचसहा पट झालं होतं. हनुवटी छातीला टेकू पाहत होती, कडेनं डोळ्यांपुढे काळोख सरकत होता. मी त्यांना अजून थोडं येऊ दिलं, आणि मग डाव्या हाताजवळचा दांडा खसकन ओढला. इंजिनाची तोंडं पुढे वळली. पट्टे खांद्यांत रुतले. विमान थबकलं.

पारसनीस फसले, पण पुरते नाही. पुढे निघून जाण्याऐवजी त्यांनी विमान सरळ वर उचललं आणि माझ्या डोक्यावर सूर्यात घातलं. मी मान वर केली. डोळ्यांत नुसतं पांढरं ऊन शिरलं.

पारसनीस दिसेनात.

मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. अंगठा रेडिओच्या बटणावर होता. शब्द ओठांवर आला होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. विमान सरळ जात राहिलं आणि मी वाट पाहिली. एक. दोन. तीन. चार.

मग काचेवरून सावली सरकली आणि वरून एक राखाडी पोट माझ्या पुढ्यात उतरलं, इतकं मोठं, की मला त्याच्यावरचे तेलाचे ओघळ दिसले. मी बिचकलो. पण हात शिकवल्याप्रमाणे चालले. नाक जरासं उचललं, काचेवरचं निशाण त्यांच्यावर आणलं आणि चाप दाबला. अर्थात चापाला तोफ जोडलेली नव्हती, नुसता कॅमेरा होता. 'गन्स,' मी रेडिओवर म्हणालो, म्हणजे तोफेनं टिपलं.

रेडिओ खरखरला. मग पारसनीसांचा आवाज. 'गुड. घरी चल.'

पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना पाडलं होतं, आणि ते कुणीतरी मी होतो. परतीच्या वाटेवर मी चक्क गाणं म्हणत होतो.

उतरल्यावर झुंजीची उजळणी व्हायची. त्यासाठी एक वेगळी खोली होती. तिथे कुणाचा हुद्दा चालत नसे, आणि तिथली एक रीत आमच्या स्क्वाड्रनमध्ये सोवळ्यासारखी पाळली जायची. आपली चूक आपणच सांगायची. दुसऱ्याची चूक दिसली तरी ती त्याच्या तोंडून येईपर्यंत कुणी काढायची नाही. उजळणीच्या कागदावर दोघांच्या सह्या होईपर्यंत ज्याला त्याला मुभा असे. सही झाली की विषय संपला. त्यानंतर कुणी काही काढलं तर ते चुगलीत जमा. आमचे कमांडिंग ऑफिसर कमांडर कुरियन सह्या नेहमी दुपारी तीनला घ्यायचे. जेवून, डोकं थंड करून या, म्हणायचे.

त्या दिवशीही कुरियननी नेहमीचा पहिला प्रश्न विचारला. पूर्ण वेळ समोरचा नजरेत होता का?

मी म्हणालो, हो सर.

एवढंच. काहीच कठीण गेलं नाही. नंतर कित्येक वर्षं मला त्या सहजपणाचीच जास्त शरम वाटत आली.

मग फिल्म लावली. माझ्या विमानाच्या नाकावरून घेतलेली. पडद्यावर समुद्र गरगर फिरला, मी दांडा ओढला तिथे चित्र थरथरलं, मग समुद्र आणि आभाळ यांच्यामधली रेघ सरळ झाली आणि सरळच राहिली. आणि वरच्या कडेतून पारसनीसांचं विमान धाडकन पडद्यावर आलं. कुरियननी फिल्म थांबवली, उठून पडद्यावर पट्टी लावली, पंखांची लांबी मोजली आणि फळ्यावर गणित मांडलं. उत्तर आलं ऐंशी फूट. दोन विमानांत कमीत कमी पाचशे फूट अंतर राखायचं, हा नियम. आमच्या वेगाला ऐंशी फूट म्हणजे काहीच नाही.

हवेत असताना मला हे कळलंच नव्हतं.

कुरियन खडू हातात धरून आमच्याकडे बघत राहिले. मी बुटांकडे पाहत होतो. तेवढ्यात खुर्ची सरकली आणि पारसनीस उभे राहिले.

ते इंग्रजीतून बोलले, हवामान सांगावं तशा आवाजात. म्हणाले, वर गेल्यावर केळुसकर माझ्या विमानाच्या पोटाखाली गेला. सहा सेकंद मला तो दिसत नव्हता. मी ब्लाइंड म्हणायला हवं होतं, म्हणालो नाही. चूक माझी आहे. त्याला मी दिसत होतो आणि त्यानं विमान केसभरही हलवलं नाही, म्हणून मी त्याच्यावरून सुखरूप निघून गेलो. तो बिथरला असता तर आम्ही दोघंही इथे नसतो.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कुरियन म्हणाले, शाबास, असंच डोकं जहाजावर लागतं. पारसनीसांना मात्र ते म्हणाले की तुमचं काय करायचं ते तीन वाजता बघू. सगळ्यांना ठाऊक होतं की जानेवारीत कुरियन बदलून जाणार आणि स्क्वाड्रन पारसनीसांकडे येणार. आता ती येत नव्हती, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं.

मी तोंड उघडायला हवं होतं. माझं जहाज माझ्या डोळ्यांसमोर तरंगत होतं. मी तोंड उघडलं नाही.

बाहेर व्हरांड्यात पारसनीसांनी मला गाठलं. आमच्याकडे अशीही पद्धत होती, की एकानं दुसऱ्याचा जीव वाचवला तर वाचलेल्यानं त्याला घरी नेऊन जेवू घालायचं. 'चल,' ते म्हणाले. 'बायकोला फोन केलाय. तीनपर्यंत वेळ आहे.'

मी म्हणालो, सर, आज नको, डोकं दुखतंय. ते म्हणाले, 'सुरमई आणलीय तिनं. डोकं दुखायला संध्याकाळ पडलीय.'

त्यांचं क्वार्टर वास्कोच्या टेकडीवर होतं. जीप तेच चालवत होते. मेधावहिनींनी दार उघडलं. त्या एका शाळेत गणित शिकवायच्या, आणि समोरच्याकडे उत्तरपत्रिका तपासल्यासारख्या बघायच्या. मुलगी शाळेत गेली होती. टेबलावर तीन ताटं मांडलेली होती. वहिनींनी मला खिडकीजवळ बसवलं, तळलेली तुकडी वाढली, सोलकढीचा पेला भरला, आईची तब्येत विचारली, वेंगुर्ल्याला काजू यंदा कसा झाला ते विचारलं. मी काहीबाही उत्तरं देत होतो. घास तोंडात फिरत होता. समोर पारसनीस शांतपणे मासा सोडवत होते, काटे ताटाच्या कडेला ओळीनं लावत होते. मला वाटलं, हा माणूस माझ्यामुळे वाचला असं समजून मला जेवू घालतोय, त्याची स्क्वाड्रन गेलीय, आणि मी त्याची सुरमई खातोय. स्वतःची इतकी किळस मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झाले होते.

वहिनींनी दुसरी तुकडी वाढायला हात पुढे केला आणि तसाच थांबवला.

'केळुसकर, एक विचारू? हे मला नीट काही सांगत नाहीत. यांना तुम्ही दिसत नव्हतात म्हणे. पण तुम्हाला हे दिसत होते ना? सगळा वेळ?'

पारसनीसांनी मान वर केली नाही. काटा काढायचं त्यांचं काम चालूच होतं.

कुरियनना हो म्हणणं सोपं होतं. तो प्रश्न कागदासाठी होता. या बाईंचा प्रश्न कागदासाठी नव्हता. संध्याकाळी त्यांच्या मुलीचा बाप घरी येणार होता, आणि का येणार होता, तेवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. आणि दुसरंच काही बाहेर आलं.

'नाही वहिनी. मलाही दिसत नव्हते.'

'किती वेळ?' पारसनीसांनी विचारलं.

'चार सेकंद, सर. उन्हात गेलात तुम्ही. मी बोललो नाही. मग तुम्ही एकदम पुढ्यातच उतरलात. मी काही धरून वगैरे ठेवलं नव्हतं विमान. मला काय करावं ते सुचलंच नव्हतं.'

मला वाटलं आता ताट सरकवतील, शिव्या घालतील, उठून जातील. मला ते हवंच होतं. मीच उठायला लागलो. वहिनींनी हातातली तुकडी माझ्या ताटात ठेवली.

'बसा,' त्या म्हणाल्या. 'पानावरून उठायचं नाही. जेवा आधी.'

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण उलथणं परत ठेवताना ते भांड्यावर जरा जास्त वाजलं. मग त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आम्ही दोघं जेवलो. मी ताटातलं सगळं संपवलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसतही नव्हतो. एवढा मोठा घोडा, पण लहान मुलासारखा रडत रडत सुरमई खाल्ली.

निघताना पारसनीस पायऱ्यांवर थांबले. म्हणाले, 'इथे बोललास ते इथेच राहील. तिथे काय बोलायचं ते तुझं तू ठरव. माझ्यासाठी म्हणून बोलू नकोस. माझं जे जायचं ते गेलंय, तुझ्या बोलण्यानं परत येणार नाही.'

तीनला पाच मिनिटं कमी असताना आम्ही कुरियनच्या केबिनमध्ये उभे होतो. कागद टेबलावर होता. पारसनीसांनी सही केली. कुरियननी पेन माझ्यापुढे धरलं. मी ते घेतलं नाही. जे वहिनींना सांगितलं होतं तेच सगळं पुन्हा सांगितलं, इंग्रजीतून, आणि इंग्रजीत ते जास्तच वाईट वाटलं.

कुरियन सावळ्या वर्णाचे, आडव्या बांध्याचे गृहस्थ होते. त्यांचा रंग उतरलेला मी त्या दिवशीच पाहिला. त्यांनी कागद उलटा केला, मागे दोन आडव्या रेघा काढल्या, एक सहा सेकंदांची आणि एक चार सेकंदांची, आणि एकीखाली दुसरी अशी जुळवून बघितली. धाकटी रेघ मोठीच्या पोटात पूर्ण मावत होती. म्हणजे चार सेकंद त्या आभाळात दोन विमानं होती आणि ती बघणारं कुणीच नव्हतं.

त्यांनी माझं नाव यादीतून खोडलं. माझ्यादेखत, लाल पेन्सिलीनं. वर्षभर मला कुणाशीही झुंज करता येणार नव्हती. त्यानंतर बघू, म्हणाले. पारसनीसांना त्यांनी शिकवण्याच्या कामावरून काढलं. स्क्वाड्रनबद्दल ते वर लिहिणार होते, आणि काय लिहिणार ते विचारायची गरज नव्हती.

मग कुरियननी पारसनीसांकडे वळून विचारलं, हे तुम्हाला कधी कळलं? आत्ता?

'नाही, सर,' पारसनीस म्हणाले. 'फिल्म बघताना. क्षितिजाची रेघ चार सेकंद सरळ होती. ज्याला शत्रू दिसतोय तो एवढा वेळ सरळ उडत नाही. वळतो.'

म्हणजे पारसनीस उभे राहून बोलले तेव्हा त्यांना माहीत होतं. केळुसकरनं विमान हलवलं नाही म्हणून वाचलो, असं म्हणाले, तेव्हाही. जीपमध्ये, जेवताना, काटे ओळीनं लावताना, सगळा वेळ माहीत होतं. रीत पाळून त्यांनी माझी चूक काढली नव्हती. स्वतःची तेवढी सांगितली होती आणि मला तीन वाजेपर्यंतचा वेळ दिला होता. वहिनींनाही फोनवरच कळलेलं असणार. त्यांचा प्रश्न भाबडा नव्हता, आणि मी मात्र त्यांना भाबड्या समजून रडलो होतो.

बाहेर आलो. पारसनीस जीपमध्ये बसले. मी शेजारी बसलो. बोलायचं पुष्कळ होतं, पण मला एवढंच सुचलं, की सर, मी सही करून मोकळा झालो असतो तर?

'तर तुला जहाज मिळालं असतं,' ते म्हणाले. 'आणि तुझ्याबरोबर जो उडाला असता त्याची मला रोज काळजी वाटली असती. पण मी बोललो नसतो. रीत ती रीत.'

त्यांनी किल्ली काढली. लावली नाही. समोर धावपट्टीवर ऊन होतं आणि कुणाचं तरी विमान उतरत होतं.

'तुला खरं सांगू?' ते म्हणाले. 'वर असताना मला भीती वाटलीच नाही रे. तू दिसेनासा झालास तेव्हा मी म्हटलं, केळुसकर आहे ना. पोरगं थोडं उतावळं आहे, पण डोळे चांगले आहेत. त्याची नजर असेल माझ्यावर. अगदी निवांत होतो मी.'

तोवर मी स्वतःला सांगत आलो होतो, की मी जहाजापायी गप्प राहिलो. ते खोटं नव्हतं, पण ते नंतरचं होतं. त्या चार सेकंदांत जहाज माझ्या डोक्यात नव्हतंच. काय होतं ते मला त्या जीपमध्ये पहिल्यांदा आठवलं.

'मीसुद्धा तेच म्हटलं, सर,' मी म्हणालो. 'म्हटलं, पारसनीस सर आहेत. ते बघतायत.'

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग किल्ली लावायला हात पुढे केला. ती भोकात जाईना. दुसऱ्यांदा लावून पाहिली, तिसऱ्यांदा पाहिली. ती नुसतीच कडेवर खडखड वाजत राहिली. पाच वर्षं ज्यांचा हात कधी हलला नव्हता त्यांचा हात मनगटापासून कापत होता, आणि ते त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाचा असावा तसे बघत होते.

मी उतरलो, वळसा घालून त्यांच्या बाजूला गेलो. ते सरकले.

मी त्यांना घरी पोचवलं. वहिनी दारातच उभ्या होत्या.